छापून न आलेलं अकोट

पुण्या-मुंबईकडच्या माणसाला "मी अकोटचा" असं सांगितलं की तो आधी हात जोडतो. "वा, स्वामींचं गाव!" ते अक्कलकोट, असं म्हटल्यावर जोडलेले हात सोडून तो विचारतो, "मग अकोला का?" तेही नाही. अकोल्याहून उत्तरेला पंचेचाळीसेक किलोमीटर, सातपुड्याच्या पायथ्याशी, नरनाळ्याच्या अलीकडे, असं सगळं समजावून झालं की तो "अच्छा अच्छा" म्हणतो आणि आठ दिवसांनी दुसऱ्याशी ओळख करून देताना "हे अकोल्याचे" असं सांगतो.

टीव्हीवाल्यांचंही असंच आहे. आमचा जिल्हा बातमीत येतो तो मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेला की. दुसऱ्यांदा येतो तो कापसाचा भाव चढला की. मधल्या काळात आम्ही काय करतो, जगतो की नाही, हे बाकीच्या महाराष्ट्राला कळायची सोय नाही. जून संपत आलेला असतो, पेरलेलं उगवलेलं नसतं, दुबार पेरणीचे पैसे कुठून आणायचे हा हिशेब चालू असतो, आणि समोर टीव्हीवर निवेदिका सांगत असते की महाराष्ट्रात पावसाने हाहाकार माजवलाय. दादरला गुडघाभर पाणी साचलेलं असतं. आमच्याकडे एकजण एकदा खरंच उठून बाहेर आभाळ पाहून आला. म्हणाला, "महाराष्ट्रात असंन भाऊ, आपल्याकडे नाई."

पेपर कसा वाचावा याची शिकवणी मात्र अकोटात कुणाला लावावी लागत नाही. टपरीवर सकाळी एक पेपर येतो आणि त्याची पानं सुटी होतात. पहिलं पान मानाने वयस्कर मंडळींकडे, क्रीडा पोरांकडे, राशिभविष्य ज्याचं लग्न ठरत नाही त्याच्याकडे. पण खरी झोंबाझोंबी असते ती बाजारभावाच्या चौकटीसाठी. आमच्याकडचा कास्तकार पेपर तिथून सुरू करतो. कारण उघड आहे. दिल्लीत कोण काय म्हणालं हे तपासायला तो जाऊ शकत नाही. काल यार्डात हर्रास, म्हणजे लिलाव, झाला तेव्हा तो स्वतः तिथे उभा होता.

आणि तिथेच त्याला पहिला धडा मिळतो. बाजार समिती रोज तीन आकडे देते: किमान, कमाल आणि सरासरी. मथळ्यात बसतो कमाल. तो दर एखाद्या गाडीला मिळालेला असतो. पांढराशुभ्र, कोरडा, लांब धाग्याचा कापूस. बाकीच्या गाड्या त्याच्या खाली कुठेतरी सुटलेल्या असतात. मथळा खोटा नसतो. त्या भावाने कापूस गेलेला असतो, फक्त तुमचा गेलेला नसतो. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला बारा हजारांच्या पुढे गेला तेव्हा सगळीकडे 'पांढऱ्या सोन्याला झळाळी' आली. पुण्यातल्या पाहुण्यांचे अभिनंदनाचे फोन आले. त्या वेळी आमच्या भागातल्या बहुतेकांच्या घरातला कापूस केव्हाच निघून गेलेला होता. पेरणीचं, लग्नाचं, सोसायटीचं देणं थांबत नाही, त्यामुळे माल दिवाळीनंतर येईल त्या भावाला जातो. झळाळी आली होती ती ज्याच्याकडे गोदाम आहे त्याच्या सोन्याला. पण गोदामवाला म्हणजे काही बातमी नव्हे. बातमीत बळीराजा हवा.

आमचे मोठेबाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. अकोटची बातमी आली की ते खिशातून पेन काढतात. गांधीग्रामचा पूर्णेवरचा इंग्रजांच्या काळातला पूल २०२२ च्या ऑक्टोबरात तडे गेल्यामुळे बंद केला आणि अकोला-अकोट रस्ता तुटला, त्या काळात तर त्यांच्या पेनाला उसंत नव्हती. गावाचं नाव चुकलं, वळणरस्ता चुकला, अंतर चुकलं, पुलाचं वय एका पेपरात एक आणि दुसऱ्यात दुसरं. "हा पोट्टा पुलावर गेलाच नाही," ते म्हणायचे. "एस. टी. स्टँडवरून लिहून राहिला." नोव्हेंबरात अकोट-अकोला ब्रॉडगेजची गाडी सुरू झाली, हिरव्या झेंडीचे फोटो आले, तेव्हा त्यांनी फोटोतली माणसं मोजली. ही लाइन पुढे खंडव्यापर्यंत जायची होती, मेळघाटच्या वाघांपाशी येऊन अडली आहे, हे बातमीत किती ओळीत आहे तेही मोजलं. माणसं जास्त भरली.

एवढं झाल्यावर मोठेबाबा पान उलटतात. तिथे युक्रेनची बातमी असते. ती ते डोळे मिटून खरी मानतात. पेन खिशात जातं. ज्या छापखान्याला गांधीग्रामला नीट पोचता येत नाही तो किव्हला कसा बिनचूक पोचला, हे मी त्यांना एकदा विचारलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तिकडचे लोक हुशार असतात," म्हणाले.

आता ज्या पोट्ट्यावर ते चिडतात त्याचीही बाजू ऐकली पाहिजे. तालुक्याचा प्रतिनिधी म्हणजे शहरातल्या लोकांना वाटतो तसा पगारी बातमीदार नव्हे. त्याचं मानधन किती, हे विचारलं की तो विषय बदलतो. तो विमा विकतो, झेरॉक्सचं दुकान चालवतो किंवा कुठेतरी मास्तर असतो. वर्षभर निवेदनांचे फोटो छापतो: तहसीलदार मध्ये, आजूबाजूला बारा जण, प्रत्येकाचा एकेक हात त्या कागदाला लागलेला, जणू कागद उडून जाणार आहे. त्याची खरी परीक्षा असते २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी, वर्धापनदिन आणि भाऊंचा वाढदिवस. त्या दिवशीच्या पुरवणीसाठी वरून आकडा येतो. बातमीचा नाही, जाहिरातीचा. मग तो ज्या संस्थाचालकाच्या बोगस पटसंख्येची बातमी त्याच्याकडे वहीत लिहिलेली आहे, त्याच्याकडेच पाव पान मागायला जातो. चहा येतो, आलुबोंडा येतो. पाव पान मिळतं. वही घरी राहते.

मी एका अशा मित्राला विचारलं, कोणी धमकी दिली का रे? तो हसला. "धमकी कायची भाऊ? मले कोनी काहीच म्हणत नाई. मलेच समजते." एवढ्या वर्षांत माध्यमांवर जी व्याख्यानं ऐकली, त्यांतल्या एकातही यापेक्षा जास्त काही सांगितलं नाही.

म्हणून आमच्या पानावर मोटारसायकल चोरणाऱ्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, वय, मुक्काम, पोस्ट सगळं येतं. पकडलेल्या देशी दारूच्या बाटल्या नगासह येतात. बाटल्या ज्या दुकानातून निघाल्या त्याचा परवाना कोणाच्या नावे आहे, ते येत नाही. आणि प्रकरण मोठं असेल तर आरोपी होतो 'शहरातील एका नामांकित संस्थेशी संबंधित व्यक्ती'. मग सगळं गाव दिवसभर नावं ओळखत बसतं. दुपारपर्यंत चार निरपराध माणसं नामांकित होऊन जातात.

पेपरची किंमत मोजून काही रुपये. तेवढ्यात त्याचा कागद आणि शाईसुद्धा निघत नाही, पगार तर सोडाच. फरक जाहिरातदार भरतो. म्हणजे रोज सकाळी एक हर्रास होतो, त्यात माल आपण असतो, आणि आपला भाव काय निघाला हे मात्र आपल्याला कोणी छापून देत नाही. कमालही नाही, किमानही नाही.

मालकांचं म्हणाल तर मराठी वाचक त्या बाबतीत भोळा नाही. 'लोकमत'च्या दर्डा कुटुंबातले एक बंधू राज्यसभेत होते, दुसरे राज्याच्या मंत्रिमंडळात. 'सकाळ' पवार कुटुंबाकडे. हे चहाच्या टपरीलाही माहीत असतं. 'सामना' तर पक्षाचाच, आणि म्हणून मला तो वाचायला सर्वांत निर्धास्त वाटतो. कोण बोलतंय ते पाटीवरच लिहिलेलं आहे. अवघड जातात ते निःपक्षपाती. दूरचित्रवाणीत २०१४ साली नेटवर्क १८ रिलायन्सकडे गेलं, २०२२ च्या अखेरीस एनडीटीव्ही अदानींकडे. आता पेट्रोल, वीज, बंदर, सिमेंट आणि या सगळ्यांवरची निर्भीड चर्चा, असा संपूर्ण माल एकाच छताखाली मिळतो.

कापसावर परत येतो, कारण आमच्या भागाला न छापण्याचं शास्त्र कापसानेच शिकवलं. २००६ साली मुंबईत लॅक्मे फॅशन वीक झाला. त्याच्या वार्तांकनासाठी ५१२ पत्रकारांना प्रवेशपत्रं दिलेली होती. त्या वर्षीच्या कपड्यांचा विषय होता कापूस. तो पिकवणारी माणसं विमानाने तासाभराच्या अंतरावर विदर्भात आत्महत्या करत होती, आणि तिथे बाहेरून आलेले राष्ट्रीय पातळीवरचे बातमीदार एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. हा हिशेब पत्रकार पी. साईनाथ यांनी मांडला. पुढे 'नीरोज गेस्ट्स' या माहितीपटात तो जगाने पाहिला. त्या ५१२ जणांनी खोटं काहीच लिहिलं नसणार. कापूस सुंदर दिसत होता, असं लिहिलं असेल. दिसतच होता.

याच्याही वरताण प्रकार यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या गावांचा. ३१ ऑक्टोबर २००८ ला 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या नागपूर आवृत्तीत बातमी आली: बीटी कापसाने या दोन गावांचं सोनं झालं, तिथे एकही आत्महत्या नाही. बातमीदारांचा दौरा बियाण्याच्या कंपनीने, महिको-मोन्सँटोने, घडवून आणलेला होता. आता गंमत बघा. तीच कहाणी, शब्दाला शब्द लावून, २८ ऑगस्ट २०११ रोजी त्याच वृत्तपत्रात पानभर पुन्हा आली. या वेळी जाहिरातीचा भाग म्हणून. जैवतंत्रज्ञान नियामकाचं विधेयक संसदेत मांडायची तयारी चालू होती तेव्हा. बातमीची जाहिरात होताना एक अक्षरही बदलावं लागलं नाही, एवढी ती बातमी आधीपासूनच तयार होती. मधल्या तीन वर्षांत त्या गावांत पाऊस कमी-जास्त झाला असेल, कोणी मेलं असेल, कोणी जन्मलं असेल. मजकूर मात्र चिरतरुण. २०१२ च्या मार्चमध्ये संसदेची कृषी स्थायी समिती भांबराजाला पोचली तेव्हा गावकऱ्यांनी सांगितलं की त्यांच्या गावात चौदा आत्महत्या झाल्यात.

इथे विनोदी लेखकाने थांबावं की पुढे जावं, हे मला कळत नाही. पुढे जातो, कारण पुढचं प्रकरण जरा हलकं आहे.

२००९ च्या ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोकराव चव्हाण यांच्यावर वृत्तपत्रांतून पानंच्या पानं आली. 'अशोकपर्व' नावाच्या पुरवण्या निघाल्या. एका दैनिकात साईनाथांनी ४७ पूर्ण पानं मोजली. एकमेकांचे स्पर्धक म्हणवणाऱ्या तीन मराठी दैनिकांत तर मुख्यमंत्र्यांवरचा एक लेख शब्दशः सारखा आला. मराठी पत्रसृष्टीत विचारांची एवढी एकवाक्यता संयुक्त महाराष्ट्राच्या वेळीही झाली नसेल. उमेदवाराने दिलेल्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. आमच्या अकोटात एवढ्यात दहावीत पास झालेल्या मुलाच्या अभिनंदनाची चौकट बसवतानाही जाहिरात प्रतिनिधी कुरकुरेल. पैसे घेऊन-देऊन छापल्याचा आरोप सगळ्यांनीच नाकारला. निवडणूक आयोगाने २०१४ साली हिशेब नीट दिला नाही असं ठरवलं आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो सगळा निव्वळ पत्रकारितेचा उत्साह होता.

पेड न्यूजचा बोभाटा त्या वर्षी आधीपासूनच चालू होता आणि प्रेस कौन्सिलने त्यावर दोन जणांची समिती नेमली होती: परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी. त्यांनी २०१० साली ७१ पानांचा अहवाल दिला, त्यात वृत्तपत्रांची नावं होती. कौन्सिलने तो वाचला, गंभीरपणे विचार केला आणि नावं गाळून जेमतेम डझनभर पानांचा अहवाल मंजूर केला. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवरचा अहवालच गाळला. मूळ अहवाल लोकांना अधिकृतपणे पाहायला मिळाला तो २०११ मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाने सांगितल्यावर. हे वाचलं तेव्हा मला आमचा तालुका प्रतिनिधी आठवला आणि त्याच्याबद्दलचा आदर वाढला. त्याला निदान वही घरी ठेवायला कोणी समिती लागत नाही.

जुने लोक म्हणतात, पूर्वी असं नव्हतं. पूर्वी जाहिरातदाराचा धाक कमी असेल, कबूल. पण १९२० साली डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' काढलं तेव्हा त्याची साधी जाहिरात, रोख पैसे मोजूनही, 'केसरी'ने छापायला नकार दिला होता. आज पैसे घेऊन काहीही छापतात. तेव्हा पैसे देऊ केले तरी छापत नसत. दोन्हीकडे कोण गाळलं गेलं ते बघायचं असतं.

हे सगळं टपरीवर सांगितलं की लोक खूश होतात. माध्यमं विकली गेलीत, यावर गावातल्या सर्व पक्षांचं एकमत आहे. भांडण होतं ते कोणती विकली गेली यावर. उदाहरण बघा. १० जून २०१९ ला आमच्या तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने ललित बहाळे यांच्या पुढाकाराने परवानगी नसलेलं एचटीबीटी कापसाचं बियाणं जाहीरपणे, सरकारला कळवून पेरलं. हजारावर शेतकरी जमले होते. देशभरातले बातमीदार आले. अकोट त्या दिवशी अकोटच होतं, अक्कलकोट नव्हतं. संघटनेच्या लेखी तो सविनय कायदेभंग. सरकारी भाषेत पर्यावरण संरक्षण कायद्याचा भंग, तेव्हाच्या तरतुदीप्रमाणे पाच वर्षं कैद आणि एक लाख रुपये दंडापर्यंत जाऊ शकणारा. सेंद्रिय शेतीवाल्यांच्या मते कंपन्यांचा विजय. निंदणाला मजूर मिळत नाही, मजुरी परवडत नाही, म्हणून तणनाशक सोसणारं वाण हवं, हा शेतकऱ्याचा मुद्दा काही बातम्यांत होता, काहींत नव्हता. ते बियाणं आधीच चोरून सगळीकडे पेरलं जात होतं आणि त्यात फसवणूक झाली तर दाद मागायला पावती नसते, हेही तसंच.

दुसऱ्या दिवशी टपरीवर पेपरची वाटणी झाली तेव्हा मी नीट पाहत होतो. संघटनेच्या माणसाने आपल्याला हवा तो पेपर उचलला, सेंद्रियवाल्याने त्याला हवा तो. दोघांनीही वाचून मान डोलावली. दोघंही म्हणाले, "आज बरोबर लिहिलं." मग अदलाबदल झाली आणि दोघंही म्हणाले, "विकला गेला हा पेपर." तरुण पोरं पेपरच्या भानगडीतच नव्हती, ती मोबाइलवर होती. तिथे तर मजकूर पाठवणारा कोण, मालक कोण, पैसा कोणाचा, काहीच छापलेलं नसतं. वरती फक्त 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा' एवढंच. आमचा तालुका प्रतिनिधी निदान आलुबोंडा खाताना दिसतो.

हल्ली मी बातमी वाचताना ती कोणाच्या अंगणात उभं राहून लिहिलीय एवढंच बघतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. अर्थविषयक पानांवर वस्त्रोद्योगाला दिलासा मिळाला. नवा कापूस ऐन दसरा-दिवाळीच्या तोंडावर यार्डात येतो, हे ज्यांना माहीत होतं त्यांना दिलासा शोधावा लागला. कांदा, टोमॅटो, डाळ यांचंही तेच. भाव चढला की पहिल्या पानावर भडका, बजेट कोलमडलं, कॅमेरा थेट दादरच्या भाजी मंडईत. भाव पडला की आतल्या पानावर दोन ओळी, आणि शेतकऱ्याने टोमॅटो रस्त्यावर फेकले तर मात्र रंगीत फोटो. लाल रंग छापायला चांगला येतो.

तुरीची आयात २०२१ साली खुली केली आणि पुढे तिला मुदतवाढीवर मुदतवाढ दिली. मागे एकदा तुरीचा भाव उतरला तेव्हा मोठेबाबा मोठ्याने वाचत होते: तूर डाळ स्वस्त, गृहिणींना दिलासा. मोठीआई ओसरीवर बसून तूरच पाखडत होती. वावर तिच्या नावावर आहे, सातबाऱ्यावर तिचंच नाव आहे, आणि घरातली आठ पोती तिने भाव वाढेल म्हणून ठेवलेली होती.

तिने सूप थांबवलं. "कोनाले दिलासा म्हणलं?"

"गृहिणींना."

"मंग मले भेटला का नाई?"

मोठेबाबांनी बातमी पुन्हा वाचली. मग उलटवून मागचं पान पाहिलं. खिशातलं पेन काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि चूक नेमकी कोणत्या शब्दाखाली मारायची ते शोधत बसले.

"सापडलं तर सांगजा," मोठीआई म्हणाली, आणि सूप पुन्हा सुरू झालं.